ऐंशी लिटरची दोस्ती

प्रत्येक ग्रुपची एक न झालेली ट्रिप असते. ग्रुपचं नाव 'गोवा पक्का', डीपीत समुद्र आणि शेवटचा मेसेज आठ महिन्यांपूर्वीचा : 'या वीकेंडला नाही जमणार यार, क्लायंट येतोय.' त्याखाली चार रडके स्मायली. बास, संपलं. २००१ मध्ये 'दिल चाहता है' आला आणि तीन दोस्त, एक टप उघडलेली गाडी आणि गोव्याचा रस्ता हे चित्र आपल्या कॉलेजांत जे घुसलं, ते अजून बाहेर पडलेलं नाही. तेव्हा जे बालवाडीत डबा खात होते, तेही आज ऑफिसात बसून तीच ट्रिप प्लॅन करतायत.

फक्त गाडी बदललीये. आता सगळ्यांना कॅम्परव्हॅन हवीय. तो फोटो तुम्हीही पाहिलाय : मागची दारं सताड उघडी, आत पांढरीशुभ्र गादी, पिवळ्या दिव्यांची माळ, समोर समुद्र आणि बरोबर मधोमध मोजे घातलेले दोन पाय. ते पाय कुणाचे कोण जाणे, पण प्रत्येक फोटोत असतात!

तशी ही आयडिया काही इन्स्टाग्रामची नव्हे. फोक्सवॅगनने १९५० मध्ये 'टाइप टू' नावाची डब्यासारखी गाडी आणली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्या आत बसवायला फर्निचरचा एक सेट काढला. आठवडाभर सामान वाहायचं, रविवारी तिचंच घर करायचं. साठच्या दशकात अमेरिकेतल्या हिप्पींनी तिच्यावर फुलं रंगवली आणि ती एकदम फेमस झाली. त्या घराण्यातली शेवटची गाडी ब्राझीलमध्ये २०१३ साली बनली. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि आता मुंबई-पुण्यात अशा गाड्या भाड्याने मिळतात. बऱ्याचशा म्हणजे मूळची टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या सीट काढायच्या, पलंग, ओटा, छोटा फ्रिज आणि संडास बसवायचा, छपरावर सोलर पॅनेल ठोकायचं. झालं तुमचं टू बीएचके. म्हणजे दोन बेड, हॉल नाही, किचन बोनस.

तर गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं निघालो. पाच दिवस, मांडवा ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने. चौघंही एकाच कॉलेजातले, पास होऊन दहा वर्षं झालेली. खरी नावं छापली तर माझा फोन कायमचा ब्लॉक होईल, त्यामुळे पदव्यांवर भागवा. एक हिशेबनीस. मैत्रीण, सीए, जिची एक्सेल शीट बघून भल्याभल्यांना घाम फुटतो. दुसरा शेफ. दिवसा सॉफ्टवेअर, रात्री मसाले. तिसरा मौनीबाबा. कॉलेजात सगळ्यात जास्त बडबड करणारा, म्हणून हे नाव. चौथी मी. आणि पाचवे काका, गाडीचे ड्रायव्हर. अशा गाड्या भाड्याने देणारे बरेच जण ड्रायव्हरसकटच देतात आणि पहिल्या घाटात तुम्ही त्यांना मनातल्या मनात धन्यवाद देता.

रस्ता कमी, खाड्या जास्त

मुंबईहून रत्नागिरी हायवेने साधारण साडेतीनशे किलोमीटर. सकाळी निघालात तर संध्याकाळी पोचाल. मग पाच दिवस कशाला? कारण किनाऱ्याने जाणारा रस्ता हा रस्ता नसून रस्त्याचे तुकडे आहेत आणि मध्ये खाड्या आहेत. शाळेच्या पुस्तकात आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलं. अलीकडच्या नव्या मोजणीत तो ८७७ च्या पुढे गेला. किनारा लांबला नाही, मोजपट्टी बारीक झाली आणि सगळे कानेकोपरे मोजले गेले. ते कानेकोपरे म्हणजे नेमकं काय, हे कॅम्परव्हॅनमध्ये बसल्यावर कळतं.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० च्या सुमारास, रेवस ते रेड्डी असा अख्खा सागरी महामार्ग व्हावा हे स्वप्न बोलून दाखवलं गेलं. सगळे पूल होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या मदतीला आहेत फेरीबोटी, आणि खरं सांगू? हीच या ट्रिपची सगळ्यात भारी गोष्ट आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० साली सुरू झालेली रो-रो, गाडीसकट तासाभरात पलीकडे. मुरुडच्या पुढे आगरदांड्याहून दिघी. हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याहून वेश्वी, खाली महाबळेश्वराहून आलेली सावित्री. दाभोळहून धोपावे, खाली वाशिष्ठी. मग तवसाळहून जयगड, खाली शास्त्री. पाच बोटी, पाच दिवस. ऑफिसात लिफ्टसाठी दोन मिनिटं थांबावं लागलं की आपण बटण चारदा दाबतो. इथे दाबायला बटणच नाही. बोट पलीकडे असेल तर ती अलीकडे येईपर्यंत थांबायचं. सरबत प्यायचं. शेजारच्या टेम्पोतल्या कोंबड्यांशी ओळख करून घ्यायची.

हां, एक जीपीएस-सूचना : मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यातलं, दुसरं दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. आमच्या शेफने मॅपवर दुसरं टाकलं होतं आणि पहिल्याच दिवशी फोन 'अजून सहा तास' म्हणायला लागल्यावर गाडीत जी शांतता पसरली, ती बघण्यासारखी होती.

तिथीची पाऊणपट

बागमांडल्याला आम्ही सकाळी आठला पोचलो आणि काकांनी गाडी रांगेतून बाहेर काढून झाडाखाली लावली. मागच्या गाड्या पटापट बोटीत चढत होत्या. हिशेबनीसबाई अस्वस्थ. 'काका, आपला नंबर होता ना?'

'होता ताई. पण आज तृतीया आहे.'

आता तृतीयेचा आणि फेरीबोटीचा काय संबंध? काकांनी समजावून दिलं. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. तृतीया म्हणजे तीन, तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला भरती, आणि रात्रीही साधारण त्याच वेळी. भरतीच्या आधी सहा तास ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वाआठ. अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. मिनिटाला मिनिट लागत नाही, पण पोटापुरता लागतो.

आणि ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्यावरून बोटीत उतरायचा उतार तीव्र होतो. छोट्या गाड्या सहज जातात. आमच्या गाडीचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच मागे, ते उतारावर घासतं. काकांनी दोन तास थांबून, पाणी चढल्यावर, गाडी रिव्हर्समध्ये अलगद बोटीत घातली. हिशेबनीसबाईंनी तो फॉर्म्युला तिथल्या तिथे एक्सेलमध्ये टाकला. मुक्कामाच्या सगळ्या दिवसांच्या भरत्या-ओहोट्या तयार!

आता त्या पांढऱ्या गादीच्या फोटोबद्दल. तो काढायला गाडी थेट वाळूत न्यावीशी वाटणार, हे मला माहितीये. नेऊ नका. ओल्या वाळूत तीन-साडेतीन टनांची गाडी रुतली की ती ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही. पण याहून मोठं कारण वाळूच्या खाली आहे. वेळास, केळशी, अंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री येऊन अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये ही घरटी राखायचं काम सुरू केलं आणि आज लोक तिथे पिल्लांचं समुद्रात जाणं बघायला पहाटे उठून जातात. एक चाक फिरलं तर वर काही दिसतसुद्धा नाही आणि खाली शंभर अंडी गेलेली असतात. आणि पिल्लं समुद्राची दिशा ओळखतात ती उजेडावरून. तेव्हा ती पिवळ्या दिव्यांची माळ किनाऱ्यापासून लांबच बरी.

मग गाडी लावायची कुठे? वाडीत, कुणाच्या तरी अंगणात, विचारून. अंजर्ल्याला आम्ही तेच केलं. चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून जाणारी बोळवजा वाट, वरून लोंबणाऱ्या वायरी, त्यातून काकांनी गाडी काढली ती बघून शेजारच्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरातल्या काकूंनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, 'गाडीतच निजणार? मग घरं कशाला बांधतात माणसं?' प्रश्न बरोबर होता. आम्ही गाडी लावायचे, पाण्याचे, न्हाणीघराचे पैसे ठरवले आणि सकाळच्या नाष्ट्याची ऑर्डर दिली. हे ठरवूनच करा. कॅम्परव्हॅनवाल्यांची एक चाल असते : गावात राहायचं, गावाचं पाणी प्यायचं, गावचा सूर्यास्त बघायचा आणि जाताना गावात पन्नास रुपयेसुद्धा ठेवायचे नाहीत, कारण 'आमच्याकडे सगळं आहे'. फुकट राहण्यात कसलं आलंय स्वातंत्र्य?

टाकी

आता मुद्द्याचं. आमच्या गाडीत पाण्याची टाकी होती ऐंशी लिटरची. ऐकायला बरी वाटते. पण शहरातल्या पाणीपुरवठ्याचा आराखडा करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे शहराच्या हिशेबात एका माणसाला एका दिवसातही जे पुरत नाही, ते आमच्याकडे पाच जणांत होतं, पुढची टाकी भरेपर्यंत. शॉवरचं तोंड उघडलं की मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातात. हिशेब करा. आठ मिनिटं एकाने आंघोळ केली, की चौघांनी एकमेकांकडे बघत बसायचं.

आणि इथे माणसं कळतात बरं का! दहा वर्षं आपण एकमेकांना कॅफेत भेटतो. दोन तास, एक कॉफी, एक सेल्फी, 'भेटूया रे लवकर'. त्या दोन तासांत कोण दात घासताना नळ चालू ठेवतं, हे कसं कळणार? इथे पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता कळलं. शेफ तांदूळ तीनदा धुतो. एकदा धुळीसाठी, एकदा स्टार्चसाठी, एकदा आईने सांगितलंय म्हणून. हिशेबनीसबाई एका वेळी एकच कप विसळतात, पण दिवसात अकरा वेळा चहा पितात. मी केस धुते. आमच्याकडे यावर जेवढी भांडणं झाली, तेवढी कॉलेज गॅदरिंगच्या बजेटवरसुद्धा झाली नव्हती.

दुसरी टाकी सांडपाण्याची आणि तिसरा डबा संडासाचा. तो भरतो. रिकामा करावा लागतो. खाडीत नाही, शेतात नाही, नीट शोषखड्डा असलेल्या संडासात, घरमालकाला विचारून. पहिल्या दिवशी आम्ही चौघांनीही अगदी सहज काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, 'दादा, मी गाडी चालवायला आलोय.' विषय संपला. चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तो एका नामांकित कंपनीत टीम लीड आहे आणि त्याच्या हाताखाली चौदा माणसं काम करतात, एवढंच सांगते. मासे छान तळतो.

मासे म्हणजे, तिसऱ्या दिवशी आम्ही संध्याकाळी अंजर्ल्याच्या पुलावरून हर्णै बंदरावर लिलाव बघायला गेलो. वाळूत मांडलेल्या टोपल्या, समोर सुवर्णदुर्ग, कानात बोली. शेफ वेडा झाला. बांगडे आणले आणि वाऱ्यामुळे बाहेर शेगडी टिकेना, म्हणून ते आत गाडीत तळले. चव फर्स्टक्लास! वास अजून आहे. माझ्या एका जॅकेटला ऑफिसात वेगळी खुर्ची देतात.

तिसरी रात्र

बांगड्यांची भांडी कुणी घासायची, हा प्रश्नच आला नाही. मौनीबाबा उठला आणि त्याने चौघांची ताटं, कढई, सगळं, दीड तांब्या पाण्यात स्वच्छ केलं. आधी कागदाने पुसलं, मग ओल्या फडक्याने, मग शेवटचा एक हात पाण्याचा. इतकं शिस्तीत की शेफ म्हणाला, 'अरे, तू कधीपासून एवढा काटकसरी झालास?' तेव्हा जाणवलं की तीन दिवस टाकीतलं सगळ्यात कमी पाणी त्यानेच वापरलंय. आंघोळ विहिरीवर. फेरीच्या धक्क्यावर आम्ही सरबत घेतलं तेव्हा त्याला 'नको' होतं. हर्णैला आम्ही सुरमईचा भाव विचारत होतो तेव्हा तो लांब उभा राहून किल्ल्याचे फोटो काढत होता.

हिशेबनीसबाईंनी सवयीने लॅपटॉप उघडला. 'चला, तीन दिवसांची कॉन्ट्री काढते.'

'माझी थोडी नंतर दिली तर चालेल?' मौनीबाबा म्हणाला.

'चालेल की. पगार झाल्यावर दे.'

'पगार नाहीये. नोव्हेंबरपासून.'

त्याच्या कंपनीने एका शुक्रवारी दुपारी त्याच्या टीममधल्या सहा जणांना मीटिंगला बोलावलं होतं आणि पंधरा मिनिटांत मीटिंग संपली होती. घरी आई-बाबांना अजून सांगितलेलं नव्हतं. रोज सकाळी नऊ वाजता बॅग घेऊन तो निघायचा आणि लायब्ररीत बसून अर्ज करायचा. तीन महिने जे शिल्लक आहे ते किती दिवस पुरेल, हे मोजत जगत होता. टाकीचा काटा बघायला त्याला आमच्याकडून शिकायची गरजच नव्हती.

आता हे हॉटेलमध्ये झालं असतं तर? सगळे 'अरे यार' म्हणाले असते, कुणीतरी पाठीवर थाप मारली असती आणि आपापल्या खोलीत गेले असते. मग तिघांचा एक वेगळा ग्रुप उघडला असता आणि त्यात रात्रभर त्याच्याबद्दल चर्चा झाली असती. इथे जायला खोलीच नव्हती. चार फुटांवर तो, मध्ये एक पडदा, बाहेर मिट्ट काळोख आणि काकूंचा कुत्रा. बोलण्यावाचून इलाज नव्हता.

शेफ पटकन म्हणाला, 'सोड ना, तुझे मी भरतो.' मनापासून म्हणाला. पण मौनीबाबाचा चेहरा दगडासारखा झाला. कॉलेजात एक बरं असतं. सगळ्यांचे खिसे सारखेच रिकामे असतात, त्यामुळे कोण कुणाचं भरतंय हे लक्षातही राहत नाही. दहा वर्षांनी एकाला स्टॉक ऑप्शन मिळतात, एकाचं होम लोन सुरू असतं, एकीच्या घरी आईचं आजारपण असतं आणि एकाची नोकरी जाते. पण ग्रुपवर प्लॅन शिजतो तो सगळ्यात जाड खिशाच्या हिशेबाने, आणि बाकीचे अंगठा दाखवतात. 'चालेल' म्हणायला फक्त अंगठा लागतो. 'परवडत नाही' म्हणायला छाती लागते.

हिशेबनीसबाईंनी चष्मा वर केला. 'कुणी कुणाचं भरायचं नाही. मी उधार लिहिते. व्याज नाही, तारीख नाही. पण आकडा पुसणार नाही. कळलं?'

आणि मौनीबाबा हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. मला वाटतं, आकडा पुसला असता तर तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत गेला असता. माफ केलेले पैसे माणसाला लहान करतात. उधार लिहिलेले पैसे सांगतात, की तू परत उभा राहशील हे आम्ही धरूनच चाललोय. त्यानंतर तो रात्री दोनपर्यंत बोलला. लायब्ररीतल्या खुर्च्यांबद्दल, इंटरव्ह्यूंबद्दल, बाबांना कसं सांगायचं याबद्दल. कॉलेजातला मौनीबाबा परत आला होता.

काका पुढच्या सीटवर झोपलेले होते, असं आम्ही समजत होतो. सकाळी चहा घेताना ते त्याला म्हणाले, 'दादा, २०२० च्या लॉकडाउनमध्ये माझी गाडी सात महिने उभी होती. हप्ता उभा नव्हता.' बास, एवढंच. मग टायरची हवा बघायला गेले.

दाभोळच्या बोटीवर त्याने बाबांना फोन लावला. आम्ही मुद्दाम लांब, कठड्यापाशी जाऊन उभे राहिलो. दहा मिनिटांचा प्रवास आहे तो. पलीकडे धोपाव्याला बोट लागली, मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले, तरी त्याचं बोलणं चालूच होतं. काकांनी इंजिन सुरू केलं आणि गाडी आरामात, अगदी आरामात पुढे घेतली.

निघायचंच असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. एप्रिल-मेमध्ये गाडीचा तंदूर होतो आणि अनेक विहिरींचं पाणी खाली जातं, तेव्हा गावाकडे टाकी भरून मागणं बरं दिसत नाही. एसी बाहेरची वीज जोडल्याशिवाय रात्रभर चालेल का, हे आधी विचारा. बॅटरीवर सहसा पंखा आणि दिवे चालतात. गाडीची उंची आणि लांबी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. प्रत्येक कप्प्याला कडी आहे का बघा, नाहीतर आडे-पाडल्याच्या वळणांवर चमचे उडतात. कासवाच्या पिल्लांसाठी जायचं असेल तर आधी गावात चौकशी करा, कारण पिल्लं तुमच्या वीकेंडवर अवलंबून नाहीत. दिवसाला एकच मुक्काम, एकच खाडी. काकांचं जेवण आणि झोप तुमच्याआधी.

आणि बजेट ठरवताना सगळ्यात जास्त पगार असलेल्याने गप्प बसावं. हा नियम मी आता सगळीकडे लावते. लग्नाच्या गिफ्टला, बर्थडे डिनरला, ऑफिसच्या ऑफसाइटलासुद्धा. आकडा ग्रुपवर टाकू नका. एकाने प्रत्येकाला वेगळा फोन करावा, 'तुला किती जमेल?' एवढंच विचारावं आणि सगळ्यात लहान आकड्यावर ट्रिप बेतावी. ट्रिप छोटी होईल. तीन दिवसांची होईल, कदाचित एसटीने होईल. पण सगळ्यांची होईल.

मौनीबाबाला जूनमध्ये नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला ग्रुपवर पाचशे रुपये पाठवल्याचा स्क्रीनशॉट येतो, हिशेबनीसबाई शीटमधला आकडा तेवढ्याने कमी करतात आणि शेफ न चुकता एक मासा पाठवतो. बाकी कुणी काही लिहीत नाही. ग्रुपचं नाव अजून 'गोवा पक्का'च आहे.